वीज येऊन सर्व्हर चालू झाला की ईथ झिरो आणि ईथ वन जागा बदलतात (डेबियन १२ लिनक्स, दोन नेटवर्क कार्डं)

टॉवेल_हिशेब, सोलापूर
रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. फोनवर मराठी कीबोर्डच आहे, म्हणून कमांडी आणि फाईलींची नावं उच्चारावरून लिहिलीत. ओळखून घ्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. सहा वर्षांपूर्वी बिलाच्या प्रिंटरात अडकलेला कागद चिमट्याने ओढून काढला, तेव्हापासून इथलं कॉम्प्युटर खातं माझ्या गळ्यात आहे. ऑफिसच्या कपाटात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. त्याला दोन नेटवर्क कार्डं. बोर्डावरचं रियलटेक, त्याला फायबरच्या डब्याची वायर. वेगळं घातलेलं इंटेलचं, त्याला सोळा पोर्टचा स्विच. त्या स्विचवर बिलिंगचे दोन कॉम्प्युटर, गोडाऊनचे कॅमेरे, डिझाइनवाल्याचा कॉम्प्युटर आणि चार इलेक्ट्रॉनिक जेकार्ड (मागावर नक्षी उठवणारी यंत्रं). पूर्वी पुठ्ठ्याची पंच कार्डं होती, आता डिझाइन वायरीतून मागावर जातं. म्हणजे नेटवर्क पडलं की चार माग गप्प.

लिनक्स प्रत्येक कार्डाला एक नाव देतं. इंटरनेटचं कार्ड म्हणजे ईथ झिरो, कारखान्याचं म्हणजे ईथ वन, असं माझ्या आधीच्या माणसाने लावून ठेवलंय. ग्रबमध्ये (मशीन उठवणारा प्रोग्राम) नेट डॉट इफनेम्स इज इक्वल टू झिरो, म्हणजे ईथ ही जुनी नावंच राहू दे, हेही त्याचंच. फायरवॉल, डीएचसीपी (कॉम्प्युटरांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा), बॅकअपची स्क्रिप्ट, सगळीकडे हीच दोन नावं.

एप्रिल लागला आणि वीज जायला लागली. यूपीएसची बॅटरी सात-आठ मिनिटं धरते, मग मशीन बंद. वीज आली की आपोआप चालू होतं, पण गेल्या दोन आठवड्यांत तीनदा उलटं चालू झालं. ईथ झिरो स्विचकडे, ईथ वन फायबरकडे. जॉबर (माग सांभाळणारा मुकादम) दारात येऊन ओरडतो, "डिझाइन येईना की बे!" मी दोन्ही वायरींची अदलाबदल करतो आणि गाडी चालू होते. पुढच्या वेळी वीज गेली की वायरी परत जागेवर.

मी काय केलं: कार्डांची नावं बदलण्याचं काम युडेव्ह हा प्रोग्राम करतो. त्याच्या इटीसी-युडेव्ह-रूल्स डॉट डी मध्ये सत्तर-पर्सिस्टंट-नेट डॉट रूल्स नावाची फाईल आधीपासून आहे, तारीख २०१४ ची. तेव्हाचं मशीन वेगळं होतं, त्यामुळे आतले मॅक पत्ते (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा कायमचा नंबर) मेलेले. ते खोडून दोन्ही कार्डांच्या स्टिकरवरचे पत्ते उतरवले. टेबलावर बसून दहा वेळा रीबूट केलं, दहाही वेळा बरोबर. बुधवारी दुपारी खरी वीज गेली आणि परत उलटं. लॉगमध्ये त्या नियमाबद्दल चकार शब्द नाही.

नियम आहे, पत्ते आहेत, मग ऐकत का नाही?

दक्षिण_कसबा
रविवार, रात्री ११:४१

काय करूलालास बे, २०१४ ची फाईल घेऊन बसलास! ती डिलीट मार. ग्रबमधलं इफनेम्स झिरो काढ, अपडेट-ग्रब कर, रीबूट कर. ईएनपी टू एस झिरो, ईएनपी थ्री एस झिरो अशी नावं येतील आणि ती हलत नाहीत. आमच्या दुकानात तीन वर्षं असंच चाललंय.

टॉवेल_हिशेब
सोमवार, सकाळी ८:०५

ते माहीत आहे मालक, पण ईथ झिरो हे नाव किती ठिकाणी पेरलंय ते मला अजून नीट सापडलेलं नाही. चौदापर्यंत मोजलं. शिवाय नियम का चालत नाही हे कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही. हिशेबातला एक रुपया कमी आला तरी मी पदरचा टाकत नाही, शोधतो.

हुतात्मा_प्रवासी, पुणे (मूळ सोलापूर)
सोमवार, सकाळी ८:३२

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालोय. कुर्डुवाडी गेली, दौंडपर्यंत रेंज येईल-जाईल, तेव्हा तुकड्यातुकड्यात लिहितो.

तुझा रुपया मला दिसला असं वाटतंय. पत्ते स्टिकरवरून उतरवलेस म्हणतोस. कार्डाच्या स्टिकरवर मॅक पत्ता बहुतेक वेळा कॅपिटल अक्षरांत छापतात. युडेव्हच्या नियमात "एटीटीआर अ‍ॅड्रेस" ची तुलना अक्षराला अक्षर होते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो पत्ता स्मॉलमध्ये देतो. तू कॅपिटल बी लिहिला असशील आणि कर्नलने स्मॉल बी दिला, तर युडेव्हच्या लेखी ही दोन वेगळी कार्डं. नियम जुळला नाही तर तो ओरडत नाही, नुसता पुढे जातो. म्हणून लॉग गप्प.

सिस-क्लास-नेट मधल्या त्या कार्डाच्या फोल्डरात अ‍ॅड्रेस नावाची फाईल असते, ती कॅट कर, म्हणजे उघडून वाच, आणि तिथून जसाच्या तसा उचल.

तुझी दहा रीबूट बरोबर आली त्यात नियमाचा काही हात नव्हता. इफनेम्स झिरो असलं की जो ड्रायव्हर आधी उठतो त्याच्या कार्डाला ईथ झिरो मिळतं. रियलटेकचा ड्रायव्हर वेगळा, इंटेलचा वेगळा, आणि बूट होताना युडेव्ह दोन्ही जवळपास एकाच वेळी लोड करतो. शर्यतच ती. चालू मशीन रीबूट करताना एकाचा नंबर लागतो. पूर्ण थंड पडलेल्या मशीनला वीज मिळाली की कुठे काही मिलीसेकंद इकडेतिकडे होतात आणि दुसऱ्याचा लागतो. म्हणून रीबूटने हा दोष तपासता येत नाही. मेन स्विच पाडूनच तपासायचा.

टॉवेल_हिशेब
सोमवार, रात्री १०:१५

दादा, कॅपिटलच होतं! दोन्ही पत्ते. फाईल उघडली आणि स्वतःच्या डोक्यात मारून घेतली.

स्मॉल केलं. पाळी सुटल्यावर जॉबरला सांगून कपाटाचा मेन स्विच पाडला, यूपीएस संपून मशीन बंद पडल्यावर पाच मिनिटं थांबलो, चालू केला. असं सहा वेळा. चार वेळा बरोबर, दोनदा उलटं. पण आता लॉग बोलतो: "फेल्ड टू रिनेम नेटवर्क इंटरफेस थ्री फ्रॉम ईथ वन टू ईथ झिरो: फाईल एक्झिस्ट्स". दुसऱ्या कार्डासाठी तशीच ओळ उलट्या नावांची.

म्हणजे नियम जुळतोय, तरी होत नाही. हे काय आता?

हुतात्मा_प्रवासी
सोमवार, रात्री ११:०२

आता खऱ्या दुखण्यावर आलास.

दोन माणसं एकमेकांच्या खुर्चीत बसलीत आणि प्रत्येकाला सांगितलंय, "समोरच्याच्या खुर्चीत जा." पण समोरची खुर्ची भरलेली. कर्नल एका नावाला एकच कार्ड ठेवतो. ईथ वनला ईथ झिरो व्हायचं तर ते नाव आधी मोकळं हवं, आणि ते दुसऱ्याने धरलेलं. दोघंही "फाईल एक्झिस्ट्स" म्हणून जागेवरच राहतात. ज्या चार वेळा बरोबर आलं, तेव्हा कर्नलने आपणहूनच तुझ्या मनासारखी नावं दिली होती, नियमाला काही करावं लागलं नाही.

हे २०१४ च्या मशीनवर का चालायचं? तेव्हाच्या डेबियनमध्ये अजून जुनाच युडेव्ह होता. तो मधे एक तात्पुरतं नाव द्यायचा, रिनेम टू, रिनेम थ्री असलं काहीतरी, आणि खुर्ची मोकळी व्हायची वाट बघायचा. कधीकधी तिथेच अडकायचा. रिनेम थ्री नावाचं कार्ड घेऊन उठलेला सर्व्हर मी रात्री दोनला पाहिलाय. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीची (युडेव्ह ज्याचा भाग आहे ते) १९७ वी आवृत्ती आली, तेव्हा ही अदलाबदल बंद झाली आणि जागेवरून ठरणारी ईएनपी वगैरे नावं आली. डेबियनने ती नव्या इन्स्टॉलला २०१७ मध्ये, नवव्या आवृत्तीपासून धरली. जुन्यावरून अपग्रेड करत आलेल्या मशीनला मात्र सत्तर नंबरची फाईल तशीच चिकटून राहते. तुझ्या आधीच्या माणसाने जुनी डिस्क नव्या मशीनला लावली असणार.

म्हणून ईथ हे नाव कर्नलचं, त्याला सोडून दे. आपण त्याच्या यादीत नसलेलं नाव द्यायचं. सिस्टिमडीच्या मॅन्युअलमध्येही हेच लिहिलंय: कर्नल दुसऱ्या कार्डाला देऊ शकेल असं नाव देऊ नका, लॅन झिरो, एक्स्टर्नल झिरो असलं काही द्या.

इटीसी-सिस्टिमडी-नेटवर्क या फोल्डरात दोन फाईली कर. नाव दहा-फायबर डॉट लिंक आणि दहा-माग डॉट लिंक असं काही. आत दोनच विभाग. मॅचखाली पर्मनंट-मॅक-अ‍ॅड्रेस आणि तो पत्ता. लिंकखाली नेम आणि हवं ते नाव. पंधरा अक्षरांच्या आत बसव, कर्नल त्याहून लांब घेत नाही. इथे पत्ता कॅपिटल असो की स्मॉल, चालतो. फाईलींच्या नावातला आकडा नव्व्याण्णवच्या आत हवा, कारण कार्डाला जुळणारी पहिली फाईलच लागू होते आणि सगळ्यांना जुळणारी डिफॉल्ट फाईल नव्व्याण्णव नंबरची आहे.

सत्तर नंबरची फाईल त्या फोल्डरातून काढायची, हे विसरू नकोस. तिने आधी नाव सुचवलं की लिंक फाईलचं नाव बाजूला पडतं. ग्रबमधलं इफनेम्स झिरो राहिलं तरी "नेम" चालतं, पण माझ्या मते तेही काढ. उद्या तिसरं कार्ड घातलंस तर ते परत या शर्यतीत उतरेल.

दक्षिण_कसबा
सोमवार, रात्री ११:२०

मग मी काय वेगळं सांगत होतो? ईएनपी नावं द्यायची, विषय संपला.

हुतात्मा_प्रवासी
सोमवार, रात्री ११:३४

दोनतृतीयांश बरोबर, भाऊ. ईएनपी टू एस झिरो मधला दोन म्हणजे पीसीआय बसचा नंबर. तू उद्या एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक कार्ड घातलंस की बसची मोजणी सरकू शकते आणि तेच कार्ड तीन नंबरचं होतं. वीज गेल्याने बदलणार नाही, पेचकस लावल्याने बदलेल. दुकानात तीन वर्षं डबा उघडला नसशील, म्हणून टिकलंय.

लॅब_क्रमांक_४
मंगळवार, दुपारी १:५०

दोन गोष्टी माझ्याकडून. मी एका तंत्रनिकेतनात लॅब बघते, हे दोन्ही खड्डे मी स्वतः पडून मोजलेले आहेत.

पहिला: लिंक फाईली लिहून झाल्या की अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू चालवा. बूट होताना खरी डिस्क माउंट व्हायच्या आधी एक छोटी फाईल-सिस्टिम मेमरीत चढते आणि तिच्यातही युडेव्ह असतो. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बऱ्याचदा तिथेच उठतो आणि नावही तिथेच पडतं. त्या छोट्या प्रतीत तुमच्या जुन्याच फाईली असतील तर बाहेर कितीही सुंदर लिहा, बारसं आधीच उरकलेलं असतं. मी एक अख्खी दुपार फाईलमधल्या स्पेस मोजण्यात घालवली होती. विद्यार्थी बघत होते, ते वेगळंच.

दुसरा: हुतात्मा_प्रवासी यांनी पर्मनंट-मॅक-अ‍ॅड्रेस सांगितलंय, ते तसंच ठेवा. आंतरजालावरच्या बऱ्याच उदाहरणांत नुसतं मॅक-अ‍ॅड्रेस असतं. लॅबमध्ये व्हर्च्युअल मशीनसाठी आम्ही ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, केला. ब्रिज बऱ्याचदा आपल्यात घातलेल्या कार्डाचाच मॅक पत्ता घेतो, मग तोही त्या लिंक फाईलला जुळतो आणि युडेव्ह ब्रिजचंही नाव बदलायला धावतो. पर्मनंट पत्ता खऱ्या कार्डालाच असतो, ब्रिजला नसतो.

एक काळजीचा प्रश्न विचारू का? नावं उलटी झाली त्या तीन वेळा तुमची फायरवॉल कोणत्या बाजूला तोंड करून होती? ईथ वनवरून येणारं सगळं आत घ्या, असा नियम असेल तर तेवढा वेळ फायबरच्या बाजूने दार सताड उघडं होतं. डीएचसीपीही तिकडेच पत्ते वाटत बसला असेल. तुम्हाला मागच बंद दिसले, पण मला दार जास्त खटकतंय.

टॉवेल_हिशेब
मंगळवार, रात्री ९:४०

मॅडम, हे वाचून पोटात गोळा आला. नियम अगदी तसाच आहे. लॉग चाळले, तिन्ही वेळा मिळून पाऊण तास. बाहेरून एसएसएचवर (दुरून लॉगिन करायची सोय) पासवर्ड ठोकून पाहिल्याच्या ओळी आहेत, आत कोणी शिरलेलं दिसत नाही. तरी सगळे पासवर्ड बदलले आणि एसएसएच आता फक्त किल्लीने.

उद्या बसतो कामाला. नावं ठरवली: फायबर झिरो आणि माग झिरो, रोमनमध्ये. डिझाइनवाला म्हणाला लॅन ठेव, सगळे तेच ठेवतात. पण रात्री वायर हातात धरून उभा असताना मला "माग" वाचून कळतं ही कुठे जाते ते.

टॉवेल_हिशेब
गुरुवार, रात्री १०:३०

झालं. काय काय आडवं आलं ते लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी कोणतं कार्ड कोणतं याची खात्री. ईथटूल डॅश स्मॉल पी, नाव, आणि तीस. त्या कार्डाचा दिवा तीस सेकंद लुकलुकतो. इंटेलचा लुकलुकला, रियलटेकने "जमत नाही" म्हणून हात वर केले. दोनच असल्याने काम झालं. मग ईथटूल डॅश कॅपिटल पी ने पर्मनंट पत्ता. या कमांडीत स्मॉल आणि कॅपिटलने अर्थच बदलतो, आणि या आठवड्यात मला त्याचं काहीच नवल वाटत नाही.

मग इटीसीत ग्रेप लावून ईथ शोधलं. चौदा नाही, सतरा निघाले. इंटरफेसेस फाईल, डीएचसीपीची डिफॉल्ट फाईल, एनएफटेबल्स (फायरवॉलचे नियम), बॅकअप, आणि इटीसीच्या बाहेर एका क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) ओळ, जी दर रात्री ईथ झिरोचा डेटा मोजून एका फाईलीत लिहिते. ती फाईल बहुधा कोणीच वाचत नाही. २०१५ पासून वाढतेय. आज मी वाचली. आधीचा माणूस मेहनती होता, एवढं म्हणतो.

एनएफटेबल्समध्ये काही नियमांत आयआयएफ होतं, काहींत आयआयएफनेम. आयआयएफ नियम चढवतानाच कार्डाचा नंबर पकडून ठेवतो, आणि तोवर त्या नावाचं कार्ड आलेलं नसेल तर नियमांची अख्खी फाईल चढत नाही. आयआयएफनेम येणाऱ्या पाकिटाच्या कार्डाचं नाव बघतो. सगळीकडे आयआयएफनेम केलं.

जुनी नियमांची फाईल फेकली नाही, घरच्या फोल्डरात नेऊन ठेवली. दोन लिंक फाईली केल्या, ग्रब साफ केलं, अपडेट-ग्रब, रीबूट. आणि ईएनपी नावं आली! माझी माग झिरो कुठेच नाही. पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसलो. मग मॅडमचं बारसं आठवलं. इनिटरामएफएस राहिलंच होतं, एवढं वाचूनही. ते चालवून परत रीबूट केलं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) "रिनेम्ड फ्रॉम ईथ झिरो" अशी ओळ दिसली, त्याच्या आधी माझं नाव. दुसऱ्यालाही.

नंतर मेन स्विच आठ वेळा पाडला. आठव्यांदा जॉबर म्हणाला, "अण्णा, आता मशीन मारूनच सोडता का?" आठही बरोबर. आणि एकदा तर लॉगमध्ये कर्नलने नावं उलटीच दिलेली दिसली, इंटेलला ईथ झिरो, पण युडेव्हने त्यावर बरोबर माग झिरो चढवलं. ही ओळ दोनदा वाचली.

आज दुपारी तीनला खरीच वीज गेली, पत्रा तापलेला, बेचाळीस डिग्री. चार वाजता आली. मी मुद्दाम कपाटाकडे गेलो नाही, खुर्चीतच बसून कान दिले. दोन मिनिटांनी माग चालू झाल्याचा आवाज आला.

दक्षिण_कसबा
गुरुवार, रात्री १०:४४

यूपीएसची बॅटरी बदल आधी. सात मिनिटं म्हणजे गेलेली आहे ती.

टॉवेल_हिशेब
गुरुवार, रात्री १०:५१

सांगितलंय मालकांना. दिवाळीनंतर बघू म्हणाले. एप्रिलमध्ये.

एक शंका राहिली. उद्या विजेच्या झटक्याने इंटेलचं कार्डच जळालं तर? नव्याचा पत्ता वेगळा.

हुतात्मा_प्रवासी
शुक्रवार, सकाळी ७:१५

तर नवं कार्ड ईएनपी अशा काहीतरी नावाने उठेल आणि माग झिरो नसेल. इंटरफेसेस फाईल कुरकुरेल, माग थांबतील, पण फायरवॉल बाहेरच्या बाजूला उघडी पडणार नाही, कारण अनोळखी नावाला तुझ्या नियमांत परवानगीच नाही. ते चांगलं आहे. लिंक फाईलमधली एक ओळ बदलायची, इनिटरामएफएस चालवायचं, रीबूट.

मॅचमध्ये पत्त्याऐवजी पाथ देऊन स्लॉटलाही नाव बांधता येतं, म्हणजे त्याच खाचेत घातलेलं कोणतंही कार्ड माग झिरो होईल. पण मग एनव्हीएमई घातलीस की तो बस नंबरचा खेळ परत. तुमच्याकडे कार्ड जळण्याची भीती जास्त की डबा उघडण्याची, ते तू ठरव.

टॉवेल_हिशेब
शुक्रवार, दुपारी १२:२०

पत्त्यावरच ठेवतो. दोन्ही पत्ते आणि तीन कमांडी एका पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या, मी सुट्टीवर असलो तर डिझाइनवाल्याला दिसाव्यात म्हणून. पुठ्ठा जुन्या जेकार्डच्या पंच कार्डाचाच आहे, भोकं चुकवून लिहिलंय. पत्ते स्मॉल अक्षरांतच लिहिलेत. मालक आले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "एवढं बारीक कशाला लिहिलंस? मोठ्या अक्षरात लिही की."